छपरी पलंगाचा राजा

गेल्या महिन्यात भाचा घरी आला होता. बोलता बोलता मी 'छपरी पलंग' असं काहीतरी म्हटलं आणि तो जो हसायला लागला तो थांबेचना. त्याच्या पिढीत 'छपरी' म्हणजे केस पिवळे-तांबडे करून गल्लीतून मोटरसायकल उडवणारा पोरगा. अशा पोराच्या पलंगात एवढं काय आहे, म्हणे मामा? मग त्याला समजावलं. बाबा रे, चार कोपऱ्यांना चार खांब, वर छत, छताला झालर असा जो श्रीमंताघरचा पलंग असायचा तो छपरी पलंग. छप्पर असलेला म्हणून छपरी. आणि या पलंगापायी एका राज्यात केवढा गोंधळ झाला ती गोष्ट सांगायला बसलो, तर लक्षात आलं की गोष्टीतलं आपल्याला निम्मंच आठवतंय, आणि बाकीचं जे आठवतंय ते गोष्टीतलं नाहीच, ते देऊळघाटातलं आहे.

मग पुस्तक मिळवून पुन्हा वाचलं. आणि वाचून झाल्यावर हे लिहायला बसलो.

तर हा पलंग ज्या राजाचा, तो राजा वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' मधला. हे लोकनाट्य १९६५ साली रंगभूमीवर आलं आणि दादा कोंडक्यांनी त्यातला हवालदार असा काही गाजवला की दीड हजाराच्या वर प्रयोग झाले. 'विच्छा' हे नाव ऐकलं नाही असा मराठी माणूस विरळा. पण प्रत्यक्ष पाहिलेले आता कमी होत चाललेत, आणि पुस्तक उघडून वाचलेले तर त्याहून कमी. आणि सबनीसांनी त्याला आधी जे नाव दिलं होतं ते तर फारच थोड्यांना आठवतं. ते नाव होतं 'छपरी पलंगाचा वग'.

गोष्ट साधी आहे. एक राजा आहे. त्याला राज्य चालवण्यात काडीचा रस नाही. खावं, प्यावं, मजा करावी, कारभार प्रधानानं बघावा. या राज्याचा कोतवाल मरतो. त्याच्या खालचा हवालदार म्हणतो, आता कोतवाली आपलीच. पण प्रधान आपल्या मेहुण्याला आणून त्या जागेवर बसवतो. हवालदाराची मैना म्हणजे मैनावती, नाचगाणं करणारी. मग हवालदार आणि मैनावती मिळून नव्या कोतवालाला जाळ्यात ओढायचं ठरवतात. कोतवाल मैनावतीवर लट्टू होतो, आणि ती त्याच्याजवळ आपली एक 'विच्छा' सांगते. राजाचा छपरी पलंग हवा! ज्याच्याकडे राज्याची राखण तोच राजाच्या महालात चोरी करायला निघतो. पुढे काय होणार ते सांगायला नकोच. कोतवालाचं पितळ उघडं पडतं, हवालदाराचं काम फत्ते.

आता देऊळघाट.

आमचं गाव बुलढाण्यापासून जवळच, पैनगंगेच्या काठचं. (पैनगंगा आमच्याच तालुक्यात मढच्या बुधनेश्वराजवळ उगम पावते, त्यामुळे आमच्याकडे ती अजून पोरवयातच असते. पुढे तिचं काय होतं ते यवतमाळवाल्यांनी सांगावं.) १९७९ च्या आसपासची गोष्ट. मी असेन आठ-नऊ वर्षांचा. गावातल्या पोरांनी हा वग बसवायचा घाट घातला. दादांचे सिनेमे तोवर येऊन गाजले होते, 'सोंगाड्या', 'पांडू हवालदार'. त्यामुळे हवालदाराचं काम करायला निम्मं गाव तयार. राजा व्हायला मात्र कुणी मिळेना. राजाला फार बोलायचं नाही, मग काय मजा!

आणि पलंग. स्टेजवर खरा छपरी पलंगच पाहिजे असा मास्तरांचा हट्ट. तो गावात एकाच घरी होता, आमच्या मागच्या मोहल्ल्यातल्या एका चाचांकडे. सागवानी, काळाभोर, खांबांवर नक्षी. चाची म्हणाल्या न्या, पण चप्पल घालून कुणी वर बसायचं नाही. त्या रात्री चाचा पहिल्या रांगेत बसून होते, आणि मला पक्कं आठवतं, त्यांनी वग पाहिलाच नाही. ते सगळा वेळ पलंगाकडे बघत होते. चोरीच्या प्रसंगात कोतवालाला तो हलेचना, तेव्हा ढोलकीवाल्यासकट चौघांनी उठून हात लावला आणि त्यावर जो हशा झाला तो मूळ वगात कुठेच नसणार. रात्री दोन वाजता तोच पलंग डोक्यावर घेऊन पोरं परत निघाली तर वाटेत गस्तीच्या शिपायानं अडवलं, म्हणे कुणाचा पलंग? पोरं म्हणाली, राजाचा! ही गोष्ट नंतर गावात कित्येक वर्षं सांगत. खरी किती आणि मागून जोडलेली किती, देव जाणे.

पण मला जे सांगायचंय ते वेगळंच आहे. माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, तेव्हा गावचे कोतवाल होते.

शहरातल्या वाचकांसाठी थांबून सांगतो. वगातला कोतवाल आणि गावचा कोतवाल यांत नावापलीकडे काही सारखं नाही. वगातला कोतवाल म्हणजे शहराचा पोलीसप्रमुख, जुन्या मुसलमानी आणि पेशवाई अमलातला बडा अधिकारी. मूळ शब्द म्हणे 'कोटपाल', कोटाची राखण करणारा. आणि आमचा गावचा कोतवाल म्हणजे महसूल खात्यातला सर्वांत खालचा माणूस. तलाठ्याचं दप्तर वाहायचं, दवंडी द्यायची, साऱ्याचे निरोप घरोघर पोचवायचे, पंचनाम्याला माणसं गोळा करायची, तहसिलीत टपाल न्यायचं. मानधन एवढंसं आणि हाक मारायला सगळा गाव. कोट गेला, किल्ला गेला, शब्द तेवढा घसरत घसरत आमच्या ओसरीपर्यंत आला.

त्या रात्री कोतवालाचं काम करणाऱ्या पोरानं एक शक्कल लढवली. त्यानं मोठेबाबांची चाल उचलली. एक खांदा किंचित खाली, काखेत दप्तर, आणि बोलण्याआधी दोनदा खाकरणं. पहिल्यांदा खाकरला तसा सगळा गाव ओळखून चुकला. काय हसले लोक! तलाठीभाऊसाहेब खुर्चीत बसून डोळे पुसत होते. मोठेबाबा खाली सतरंजीवर होते. तेही हसले. मी त्यांच्या मांडीला टेकून बसलो होतो, म्हणून मला माहीत आहे की ते हसत होते तेव्हा त्यांचं पोट हलत नव्हतं.

घरी आल्यावर मोठीआई पाणी घेऊन आली. म्हणाली, "नाटक व्हतं न, मनावर कायले घेता?" मोठेबाबा म्हणाले, "मनावर काय घ्याचं. कोतवालाले हासले. प्रधानाले हासले. पण मले एक सांग, राजाले कोणी हासलं का?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला तो राहिलाच. इतक्या वर्षांनी पुस्तक वाचताना मी वग वाचतच नव्हतो खरं तर. मी राजाला हसू कुठे येतं ते शोधत होतो.

राजा आणि हसू यांचं जमणं सोपं नसतं. आपल्या संगीत नाटकांचंच बघा. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' मराठीत आणलं, तिथून आपली संगीत रंगभूमी खऱ्या अर्थानं उभी राहिली. त्यातला दुष्यंत काय करतो? शिकारीला जातो, आश्रमातल्या मुलीवर प्रेम करतो, गांधर्वविवाह करतो आणि मग तिला विसरतो. गावात एखाद्या पाटलाच्या पोरानं हे केलं असतं तर लोकांनी काय म्हटलं असतं ते मी लिहीत नाही. पण दुष्यंत राजा, म्हणून त्याच्या विसरण्याला दुर्वासाचा शाप मिळाला. दोष ऋषींच्या रागाचा, अंगठीचा, माशाचा. राजा स्वच्छ. आणि हसण्यासाठी शेजारी विदूषक ठेवलेला आहेच, त्याला हसा.

आमच्या जिल्ह्याशी नातं असलेला नाटककार म्हणजे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. घाटाखाली जळगाव जामोदला ते वकिली करत आणि तिथे बसून पुण्या-मुंबईच्या रंगभूमीला नवं वळण देत. पारशी नाटकांच्या उडत्या चाली त्यांनी मराठी पदांना लावल्या, गंभीर नाट्यपदांच्या सवयीच्या लोकांना त्या जरा उठवळच वाटल्या असतील. 'सुदाम्याचे पोहे' लिहून मराठी विनोदाची घडी बसवणारा हाच माणूस. दारूच्या व्यसनासारखा विषय घेऊन १९०१ साली त्यांनी 'मूकनायक' लिहिलं. मराठीत राजघराण्यातल्या मंडळींना विनोदात ओढायची हिंमत त्यांच्याइतकी त्या काळी कुणी केली नसेल. पण त्यांच्याही नाटकांत राजवाडा तो राजवाडाच राहतो. माणसं वेषांतर करतात, कोट्या करतात, आणि शेवटी पुन्हा आपापल्या उंचीवर जाऊन बसतात. वाचताना मला तरी कुठे राजाची फजिती अशी झालेली आठवत नाही. (कोल्हटकरांवर कधीतरी वेगळं लिहायचंय. आमच्या भागात त्यांची आठवण म्हणावी तशी नाही.)

फ्रेंच लोकांनी मात्र हे काम फार आधी करून ठेवलं होतं. पॅरिसमध्ये तिसरा नेपोलियन गादीवर असताना ऑफेनबाख नावाच्या संगीतकारानं हलक्याफुलक्या गाण्यांच्या नाटकांत, ज्याला ते ऑपेरेट म्हणतात, राजे, देव, सुभेदार सगळ्यांना नाचवलं. आणि पुढे १९३० साली ऑनेगरनं 'राजा पोझोलची साहसं' केलं, त्यातला राजा तर आपल्या वगात थेट शोभावा असा. वर्षात जेवढे दिवस साधारण तेवढ्या राण्या, न्यायनिवाडा करायचा तो चेरीच्या झाडाखाली बसून, आणि स्वारी निघणार ती खेचरावरून, कारण घोडा फार धावतो! पोरगी पळून गेली म्हणून तिला शोधायला निघतो, तेही दमादमानं. पण या राजावर राग येत नाही. तो गोड आहे. फ्रान्समध्ये तोवर राजा जाऊन साठ वर्षं झाली होती. जो राजा आता काही बिघडवू शकत नाही त्याच्यावर प्रेम करायला काय जातं?

आपल्या तमाशातला राजा या दोन्हींपेक्षा निराळा आहे, आणि इथे जरा सावकाश जायला हवं.

तमाशाला आणि लावणीला पेशवाईच्या अखेरीस बहर आला आणि तो आणणाऱ्यांत दुसरा बाजीराव होता. १७९६ ते १८१८ त्याची कारकीर्द. होनाजी बाळासारख्या शाहिरांना त्याचा आश्रय. मौजमजा करणारा राजा म्हणाल तर हा अगदी खराखुरा, आणि त्याचं राज्य गेलं तेही खरंखुरं. इंग्रजांनी त्याला वर्षाला आठ लाखांचं पेन्शन देऊन ब्रह्मावर्ताला पाठवलं, तिथे तो १८५१ पर्यंत आरामात जगला. राज्य गमावलं ते रयतेनं. शाहीर मंडळी उघड्यावर पडली आणि पुन्हा गावोगाव फिरू लागली.

त्यानंतर वग आला. सावळजच्या उमा-बाबूंचा 'मोहना बटाव' हा पहिला वग मानतात, साल १८६५. त्याआधी तमाशात गण, गौळण, लावणी, सवाल-जवाब असं सगळं होतं, पण सलग अशी गोष्ट नव्हती. वगानं गोष्ट आणली आणि गोष्टीबरोबर राजा आणला, कारण आपल्याकडे गोष्ट सुरू होते तीच मुळी 'आटपाट नगर होतं' पासून. पण हा राजा उभा कुठे राहिला? मागे पडदा नाही, सिंहासन नाही. ढोलकीवाला, तुणतुणेवाला, झीलकरी मागे उभे. एक माणूस पुढे येतो, मुंडासं जरा बरं बांधतो आणि म्हणतो मी राजा. एक गिरकी घेतली की दहा कोस प्रवास झाला. आणि हा राजा बोलतो कसा? शेजारच्या गल्लीत बोलतात तसा. दुष्यंत बोलतो तसं बोलला तर समोर बसलेले उठून जातील. म्हणजे राजा बोलायला लागला की निम्मं काम तिथेच झालं. राजेपण त्याच्या अंगाला चिकटतच नाही. पुढ्यात सोंगाड्या असतो, आणि सोंगाड्याला राजाच्या तोंडावर काहीही म्हणायची मुभा.

हे सगळं ज्यांनी घडवलं ते फडवाले बहुतेक महार, मांग, कोल्हाटी समाजातले. गावात ज्यांना राजासमोर सोडा, पाटलासमोर पायात वहाण घालून उभं राहायची चोरी, ते स्टेजवर राजाला 'अरे' म्हणत. आणि रात्र संपली की पुन्हा वहाणा हातात. या गोष्टीचा विचार केला की तमाशातलं हसू जरा वेगळं ऐकू येतं. पठ्ठे बापूराव, मूळचे रेठऱ्याचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जात सोडून त्यात शिरले त्यालाही म्हणूनच केवढी किंमत मोजावी लागली.

स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारनं तमाशा अश्लील म्हणून त्याच्यावर बंदी आणली, मग दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, सुधारणा सुचवल्या, तमाशा पुन्हा सुरू झाला. (आमचं वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात, त्यामुळे मुंबईच्या हुकमाशी आमचा संबंध नव्हता. आम्ही मुंबई राज्यात आलो ते १९५६ साली.) पण सुधारलेला तमाशा म्हणजे 'लोकनाट्य' हे नाव रुळलं आणि शिकलेली मंडळी त्यात उतरली. पु. ल. देशपांड्यांचं 'पुढारी पाहिजे', व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील, राष्ट्र सेवा दलाची कलापथकं. नीळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके हे सगळे त्या कलापथकांच्या वाटेनं आलेले. सोलापूरचे वसंत सबनीसही याच काळातले. (पुढे 'अशी ही बनवाबनवी' चे संवाद लिहिणारे ते हेच, हे सांगितलं की भाच्याच्या पिढीला एकदम आदर वाटू लागतो.)

यात जे मिळालं ते मिळालंच. तिकीट लागलं, थिएटर मिळालं, बायाबापड्या निर्धास्त येऊन बसू लागल्या. पण ज्यांनी शंभर वर्षं हा प्रकार पोटाला चिमटा घेऊन जगवला त्यांतले बरेच फड कर्ज काढून जत्रा करत राहिले, आणि 'विच्छा' मुंबई-पुण्यात हाउसफुल्ल होत राहिलं. यात सबनीसांचा किंवा दादांचा दोष नाही. तरी हे लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही.

१९६५ साल लक्षात घ्या. महाराष्ट्र राज्य पाच वर्षांचं, जिल्हा परिषदा तीन वर्षांच्या. आणि खरेखुरे राजेही अजून होते! संस्थानं विलीन झाली तरी राजेरजवाड्यांना सरकारी तनखा चालू होता, तो बंद झाला १९७१ साली. म्हणजे तेव्हाच्या प्रेक्षकाला असा राजा कल्पनेनं रंगवायची गरज नव्हती, ज्याला कारभार नाही पण मौजेला पैसा आहे. आणि दुसरीकडे कारभार करणारे नवे प्रधान, त्यांचे मेहुणे, त्यांच्या नेमणुका. 'मेहुण्याला चिकटवला' एवढं म्हटलं की कुठल्याही तालुक्यात हशा. दादा म्हणे रोजच्या पेपरातलं रोज घालत. पुस्तक वाचताना म्हणूनच थोडं फसल्यासारखं होतं. कागदावर वग फार लवकर संपतो. जे तासन्‌तास चालायचं त्यातलं बरंचसं बाईंडिंगच्या बाहेर राहिलंय, ते त्या त्या रात्री, त्या त्या गावी बोललं गेलं आणि गेलं. देऊळघाटच्या पोरानं मोठेबाबांचं खाकरणं घेतलं तेही त्याच रीतीत बसणारं. वगच तसा सांगतो, समोर बसलेल्यातला एक उचला म्हणून.

मग राजाला कोण हसलं?

नावं बघा या वगाची, गंमत आहे. आधीचं नाव 'छपरी पलंगाचा वग', त्यात निदान राजाची वस्तू होती. मग 'विच्छा माझी पुरी करा', तिथे राजा गेला, मैनावती आली. हिंदीत गेलं ते 'सैंया भये कोतवाल' होऊन, त्या म्हणीवरून. तिथे तर फक्त पद उरलं, सैंया आणि कोतवाली. प्रत्येक नावासरशी राजा एकेक पायरी मागे. आणि वगातही तो तसाच आहे. त्याचं काही जात नाही. त्याच्या नावानं नेमणूक होते, ती त्यानं केलेली नाही. त्याचा पलंग चोरीला जातो, चोर त्याचाच कोतवाल. न्याय मागायला कुणापुढे जायचं तर त्याच्याचपुढे. फिर्यादी तो, न्यायाधीश तो, आणि ज्या मोकळ्या रानामुळे हे सगळं घडलं तेही त्याचंच. तरी शेवटी पडदा पडताना तो जागेवर. गेली ती कोतवालाची नोकरी.

मोठेबाबांचं इथवर बरोबर होतं.

आणि हे सबनीसांच्या वगापुरतं नाही. पुण्याचा घाशीराम कोतवाल घ्या. सवाई माधवरावाच्या काळात नाना फडणविसांनी नेमलेला. १७९१ साली त्याच्या कोठडीत कोंडलेले ब्राह्मण गुदमरून मेले आणि पुण्यानं घाशीरामाला दगडांनी ठेचला. नाना राहिले. तेंडुलकरांनी १९७२ साली 'घाशीराम कोतवाल' मध्ये नानाला नाचवला, बायकांच्या मागे पळवला, त्यावर केवढं वादळ उठलं. पण त्या नाटकातही मरतो तो कोतवालच. तेंडुलकरांनी हे रक्तानं लिहिलं आणि सबनीसांनी सात वर्षं आधी तेच हसत हसत लिहिलं असं आता मला वाटतं. समीक्षक मला मारायला धावतील, असो.

पण एक गोष्ट मोठेबाबांच्या नजरेतून सुटली होती, आणि ती माझ्याही नजरेतून चाळीस वर्षं सुटली. पलंग. मैनावतीला काय हवंय? सोनं नाही, महाल नाही, राणीपद नाही. राजा जिथे लोळतो ती जागा. राज्यभर राजा दिसतो तो एवढ्या एकाच ठिकाणी. दरबारात तो नसल्यातच जमा आहे, पलंगावर मात्र पक्का आहे. आणि नाचणारी एक बाई तोच पलंग काढून आणवते, राजाच्याच माणसाच्या डोक्यावरून. सगळ्या वगात राजाला लागेल असा धक्का एवढाच आहे. तो राजाच्या तोंडावर मारलेला नाही, त्याच्या पाठीखालून काढून घेतलेला आहे. त्या रात्री देऊळघाटात सगळ्यात मोठा हशा कधी झाला? मोठेबाबांच्या खाकरण्याला नव्हे. पलंग हलेना आणि ढोलकीवाल्यानं ढोलकी खाली ठेवून हात लावला तेव्हा. राजा झालेला पोरगा तेव्हा बाजूला, पलंग गेल्यावर बसायचं कुठे ते न कळून, नुसता उभा होता. त्याच्याकडे बघून लोक हसत होते. मी पाहिलंय. तो आमच्याच आळीतला, नंतर बरीच वर्षं त्याला 'राजा, खाली बस ना' म्हणून चिडवत.

हे मोठेबाबांना सांगायला हवं होतं. ते २००३ साली गेले. कोतवालकी त्यांनी वय होईपर्यंत केली. निवृत्तीच्या दिवशी तलाठी कार्यालयात नारळ-शाल मिळाली आणि घरी येताना त्यांनी दप्तराचं जुनं कापड मागून आणलं, का ते मोठीआईलाही सांगितलं नाही. वगाविषयी नंतर ते एकदाच बोलल्याचं मला आठवतं. टीव्हीवर दादांचा कुठलासा सिनेमा लागला होता, आम्ही सगळे हसत होतो. ते म्हणाले, "हा हवालदार झाला म्हून बरं. कोतवाल झाला असता तं बसला असता दप्तर वाहत."

आणि मग ते हसले. या वेळी पोट हलत होतं.

चाचांचा पलंग अजून आहे. मागच्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा मुद्दाम जाऊन पाहिला. चाचा-चाची दोघंही नाहीत आता. नातू म्हणाला, छत काढून टाकलं, पंख्याला लागत होतं. चार खांब तेवढे उभे आहेत, त्यांवर मच्छरदाणी बांधतात.